जीव मागणाऱ्या जमिनी

३ मार्च, शुक्रवार

ही वही नर्स मेरेतेने दिली, रोजची साखर लिहायला. समोरच्या बाजूने साखर लिहायची. मागच्या बाजूने कोण बघतंय? तिथून मी.

साखर सकाळी ७.४. आठच्या आत हवी, म्हणजे छान.

आज सिसेलबरोबर कार्डांच्या दुकानात गेले. सिसेल माझी नात, एकोणीस वर्षांची. ऑगस्टात लांब स्वेनबोर्गला बोटीवरच्या शाळेत राहायला जाणार आहे. म्हणाली, आजी, दर शुक्रवारी खिडकीतून बंदर बघत बसतेस, ते बंदर कुठे पळून जातंय का? चल माझ्याबरोबर. गेले.

हे आपले राजा-राणीचे पत्ते नव्हेत. ज्याने त्याने आपला साठ कार्डांचा गठ्ठा घरून आणायचा. त्यात अस्वलं, भुतं, दात असलेली झाडं. समोरच्याला वीस जीव, आपल्याला वीस. ज्याचे आधी संपतील तो मेला. मेलेला माणूस उठतो आणि चिप्स खातो, आणि त्याच बोटांनी परत कार्डं पिसतो. किळस येते बघून. खोलीला वासही येतो. मी एकतीस वर्षं हेरिंगच्या कारखान्यात मासे साफ केलेत, मला वासाचं कोणी शिकवू नये. पण माशाच्या वासाला निदान मासा तरी असतो.

खरी शिसारी आली ती वेगळ्याच गोष्टीची. या खेळात कुठलंही जनावर बोलवायचं तर आधी जमीन लागते. जमिनीचंही कार्ड असतं. रानाची जमीन मांडली की अस्वल येतं, दलदल मांडली की भूत येतं. इथवर मला पटलं. जमीन आहे, ती देणारच. पण काही जमिनी अशा, की त्या रानाचंही देतात आणि दलदलीचंही देतात, आणि दर वेळी देताना मालकाचा एक जीव घेतात. चित्रात नुसते काटे. सिसेल त्यांना काटेरी जमिनी म्हणते. सगळे वापरतात. हसत हसत वापरतात.

समोरच्याने मारलं तर समजू शकते. पण आपल्याच शेतात पाय ठेवायचा आणि शेताने चावायचं? शी.

आमच्या वडिलांची जमीन होती, इथून पूर्वेला, नुसती वाळू. वारा सुटला की अर्धं शेत शेजाऱ्याकडे राहायला जायचं. पण तिने आमच्याकडे कधी काही मागितलं नाही. बटाटे दिले, पावापुरतं राय धान्य दिलं. वडील चाळिशीत कमरेतून वाकले ते पुन्हा सरळ झाले नाहीत, पण ते दगड उचलून उचलून, जमिनीमुळे नव्हे. डाव्या हाताची दोन बोटं गेली ती मळणीच्या यंत्रात. आणि मी शाळेत एक दिवसाआड जायची ती तेव्हाची पद्धतच होती. मधल्या दिवशी बटाटे. म्हणजे सात वर्षांची शाळा साडेतीन वर्षांत आटपली. पटपट शिकणारी होते मी.

ठराव: काटेरी जमिनीला हात लावणार नाही. मरण आलं तरी.

१० मार्च, शुक्रवार

साखर ७.६.

तीन डाव. तिन्हींत मरण आलं.

पण कसं ते लिहून ठेवते. माझ्या हातात सहा अस्वलं होती आणि समोर पाच दलदली. अस्वलाला रान लागतं. रान काही येईना. अस्वलं हातात म्हातारी झाली. समोरचा चष्मेवाला काटेरी जमिनींवरून उड्या मारत स्वतःचे नऊ जीव स्वतःच उडवून बसला. माझे अठरा शाबूत. खोलीत सगळ्यांत जास्त जीव माझ्याकडे होते. नंतर त्याने असा एक प्राणी आणला की त्याने अठराच्या अठरा एका घासात घेतले. तो शेवटचा घास सोडला तर मीच पुढे होते.

१७ मार्च, शुक्रवार

साखर ७.५. शिस्त म्हणतात ती हीच.

पुन्हा तीन. पुन्हा मेले. एकदा वीसच्या वीस जीव असताना मेले. असं या दुकानात आजवर कोणाला जमलं नव्हतं म्हणे.

दुकानाचा मालक विल्लुम. पंचही तोच. त्याच्या दाढीत कालचं काहीतरी असतं, मी विचारत नाही. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “बोदिल, शेवटचा एक जीव शिल्लक असला तरी जिंकता येतं. बाकीच्या एकोणीस जिवांचं काय करणार आहेस, लोणचं घालणार?”

सगळे हसले. सिसेलही हसली, पण ती माझ्या खांद्यावर हात ठेवून हसली.

मी म्हटलं, माझ्या फडताळात पंचेचाळीस सालचा चहाचा सेट आहे, आईचा. एक कप फुटलेला नाही. का? कारण आम्ही तो वापरत नाही. विल्लुम दाढी खाजवत गेला.

२४ मार्च, शुक्रवार

साखर ७.९. पाऊस आहे, दमटपणाने आकडा थोडा फुगतो.

जीव कागदावर मोजायचे असतात. वीस, मग खोडून सतरा, मग खोडून सोळा. माझा कागद खोडून खोडून फाटला. विल्लुमने समोरच्याचा कागद खरा धरला. त्याचा तरी काय भरवसा? त्या कागदावर केचप होतं.

सिसेल म्हणाली, आजी, वाटीत वीस वस्तू ठेव, जीव गेला की एक काढ. बटणं चालतील. बटणं मी आणली नव्हती. पर्समध्ये ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्या होत्या, त्या मात्र असतातच. साखरेमुळे मेरेतेने दिवसाला दोनच सांगितल्यात. वीस मोजून वाटीत ठेवल्या.

आता एक जीव गेला की एक गोळी उचलली. उचललेली ठेवायची कुठे? टेबलावर ठेवली तर कार्डाला चिकटणार. खिशात ठेवली तर कोटाला. म्हणून तोंडात.

सिसेल म्हणाली, आजी, मेरेते काय म्हणेल? मी म्हटलं, या खायच्या गोळ्या नाहीत, मोजायच्या आहेत. मोजायच्या गोळ्यांत साखर धरत नाहीत.

तीन डाव, तीन मरणं. पण संध्याकाळ काही वाईट गेली नाही.

२९ मार्च, बुधवार

काटेरी जमिनींवर विचार करते आहे. माणसाने एकाच मताला कवटाळून बसू नये. वडील नेहमी म्हणायचे, जमीन फुकट काही देत नाही, बोदिल. शहाणा माणूस.

सिसेलकडे चार मागितल्या. तिने आठ दिल्या.

३१ मार्च, शुक्रवार

जिंकले. दोन डाव.

पहिल्या काटेरी जमिनीवर पाय ठेवला, एक जीव दिला, एक गोळी घेतली, आणि अस्वल आलं. दुसरा जीव दिला, दुसरी गोळी, भूत आलं. सगळं कसं सुरळीत. चष्मेवाला बघतच राहिला. एकदा तर गरज नसताना मी काटेरी जमीन वापरली, शेजारी साधं रान रिकामं होतं तरी. सिसेल कानात म्हणाली, आजी, ते का केलंस? मी म्हटलं, समोरच्याला घाबरवायला.

इतके दिवस लोकांनी मला या जमिनींबद्दल भलतंच काहीतरी सांगितलं होतं.

साखर ९.१. यंत्र जुनं झालंय.

७ एप्रिल, गुड फ्रायडे

दुकान बंद. सिसेल तिच्या आईकडे. घरीच सराव केला, दोन्ही बाजूंनी मीच. दोन गठ्ठे, दोन वाट्या, चाळीस जीव. दोन्हीकडे काटेरी जमिनी. डाव चुरशीचा झाला. शेवटी दोघीही मेलो.

साखर संध्याकाळी १२.८. यंत्र फेकायच्या लायकीचं आहे. समोरच्या बाजूला ८.२ लिहिलं, खरा आकडा तेवढाच असणार.

१४ एप्रिल, शुक्रवार

मोठी बातमी. विल्लुमने दारावर कागद लावला. सहा मे रोजी जोड्यांची टूर्नामेंट. दोघांनी मिळून खेळायचं, दोघांचे मिळून तीस जीव, वाटी एकच. जिंकेल ती जोडी ऑरहूस शहरातल्या मोठ्या स्पर्धेला जाणार, दोन दिवस, तिथल्या होस्टेलात राहायचं.

इथे चांगले चांगले खेळणारे आहेत. चष्मेवालाही एकटाच होता. सिसेलने कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, आणि न विचारता खाली माझं.

सिसेल सहा वर्षांची असताना माझ्याकडे दोन दिवस सलग राहिली होती, तिला कांजिण्या आल्या होत्या आणि तिच्या आईला कामावर जायचं होतं. मी तिला पत्ते शिकवले, तिने मला हरवलं. नंतर येते ती दुपारी, संध्याकाळी जाते. ऑगस्टनंतर तर नाताळाला.

दोन दिवस. एक रात्र. नवा टूथब्रश आणला. होस्टेलातल्या गाद्या कशा असतात ते मला माहीत आहे, किळसवाण्या, म्हणून स्वतःची उशी नेणार. उशीला धुतलेला अभ्रा घालून ठेवला.

२० एप्रिल, गुरुवार

मेरेते आली. वही समोरून बघितली, म्हणाली, आकडे सुरेख आहेत. मग तिच्या यंत्राने मोजली. १३.९.

दोघींनी त्या यंत्राकडे पाहिलं. मी म्हटलं, तुझंही बिघडलं वाटतं. ती म्हणाली, बोदिल, तुझे दात काळे का? मी म्हटलं, जांभळ्या बेरी खाल्ल्या. ती म्हणाली, एप्रिलात? मी म्हटलं, फ्रीजरमधल्या. तिने उठून फ्रीजर उघडला. दुसऱ्याच्या घरात असं वागतात का? आत वाटाणे आणि कॉड मासा.

मग पायाच्या अंगठ्याबद्दल खूप बोलली. अंगठा माझा आहे.

जाताना बिनसाखरेच्या गोळ्यांची पिशवी ठेवून गेली. एक चाखली. टायर. बाकीच्या धक्क्यावर सीगल पक्ष्यांना टाकल्या. एकाने चोचीत घेतली आणि परत खाली ठेवली. कचऱ्यातले बाळांचे लंगोट खाणारा पक्षी तो.

२१ एप्रिल, शुक्रवार

मेरेतेने सिसेलला फोन केला होता. या देशात गुपित म्हणून काही राहिलेलं नाही.

सिसेल रागावली नाही. रागावली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली की आपण बटणं वापरू या. मी म्हटलं, बटणांनी माझं नशीब जातं, मी गोळ्यांवर जिंकायला लागले आहे. मग तिने एक झाकणाचा डबा आणला. गेलेला जीव डब्यात टाकायचा, झाकण लावायचं. तोंडात एकही नाही.

मी वचन दिलं. मनापासून दिलं. ती म्हणाली, “मग हिशेब तुझ्याकडे, आजी. मी वाटीकडेच बघेन, कागद ठेवणार नाही.”

ठराव: एकही नाही.

२८ एप्रिल, शुक्रवार

एकही नाही. जवळपास.

काटेरी जमिनींची गंमत थोडी गेली आहे हे खरं. जीव द्यायचा आणि डब्यात टाकायचा, डब्याचं काय जातं?

साखर ८.८. यंत्र सुधारतंय.

४ मे, गुरुवार

उद्या प्रार्थनेची सुट्टी, म्हणून रीतीप्रमाणे आज आदल्या संध्याकाळी गरम पाव, लोणी लावून. चार. पुढच्या वर्षीपासून सरकारने ही सुट्टीच काढून टाकली आहे, तेव्हा हे शेवटचे. इतिहास म्हणून पाचवा खाल्ला. सुट्टी काढणाऱ्या माणसांना आईने जेवायला घातलं होतं की नाही, कोण जाणे.

साखर मोजली नाही. सणाच्या दिवशी मोजत नाहीत.

उशी पिशवीत भरून ठेवली आहे.

६ मे, शनिवार. सकाळ

निळा स्वेटर. दात दोनदा घासले. तीस गोळ्या मोजल्या, दोनदा मोजल्या. तीस. आज माझ्याइतकी शांत बाई या गावात नाही.

६ मे, संध्याकाळ

क्रमाने लिहिते, नाहीतर लोक भलतंच पसरवतात.

पहिली जोडी, जिंकलो. दुसरी, जिंकलो. सिसेलने माझ्या दंडाला चिमटा काढला. शेवटचा डाव चष्मेवाला आणि त्याची बायको यांच्याशी. बायकोही चष्मेवाली. तिच्याकडे कागद आणि टोकदार पेन्सिल.

डाव लांबला. खोलीत गरम होत होतं, कोणीतरी बूट काढले होते, मी नाव घेत नाही. आमचे जीव सरकत सरकत खाली आले. मी प्रत्येक गेलेला डब्यात टाकत होते, झाकण लावत होते. कारखान्यात एकतीस वर्षं माझे हात मासे साफ करायचे आणि मी शेजारणीशी गप्पा मारायची. हातांना मी लागत नाही. त्यांचं ते बघतात.

शेवटच्या फेरीला सिसेलने वाटीत पाहिलं. एक गोळी. तिच्या हातात एकच कार्ड उरलं होतं, आणि बोलवायला एक काटेरी जमीन. बाकी सगळ्या वापरून झालेल्या. काटेरी जमिनीने तो एक जीव घेतला असता तर आम्ही तिथेच मेलो असतो. तिने वाटीकडे खूप वेळ पाहिलं. मग कार्ड परत छातीशी धरलं आणि म्हणाली, आमचं झालं.

पुढच्या फेरीत त्यांनी आम्हाला मारलं.

सिसेलने ते कार्ड उलटून टेबलावर ठेवलं. सगळे वाकून बघायला लागले. ते आलं असतं तर ते दोघे मेले असते. चष्मेवाल्याची बायको म्हणाली, मग का नाही खेळलीस? सिसेल म्हणाली, एकच जीव होता. बायकोने कागद फिरवून दाखवला. तीन होते. स्वच्छ अक्षरात, तीन.

विल्लुम आला. डबा उघडला, मोजल्या, सत्तावीस. वाटीत एक. तीस होत नव्हत्या.

मी म्हटलं, पडल्या असतील. विल्लुमने झाडू आणला. सिसेल गुडघ्यांवर बसून फोनच्या उजेडात टेबलाखाली शोधत होती, माझ्या बुटांच्या मागे, खुर्चीच्या पायांपाशी, चिप्सच्या चुऱ्यात हात घालून. मी पाय वर उचलून धरले, तिला अडचण नको म्हणून.

मग ती तिथूनच, खालून, वर बघत म्हणाली, “आजी, जीभ दाखव.”

मी दाखवली नाही. मी म्हटलं, चार माणसांत आजीशी असं बोलतात का? पण तेवढं म्हणायला तोंड उघडावं लागलं.

ती उठली. गुडघे झाडले. कार्डं नीट रबर लावून डब्यात भरली, माझीही भरली. मला घरी सोडलं, गाडीत रेडिओ लावला. आत आली, पिशवीतली उशी काढून पलंगावर ठेवली.

७ मे, रविवार

या खेळातली मूळ घाण म्हणजे त्या काटेरी जमिनी. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, ही वही साक्षीला आहे. साध्या जमिनी असत्या तर जीव गेले नसते, जीव गेले नसते तर गोळ्या उचलाव्या लागल्या नसत्या. आपल्या माणसाचा जीव मागणारी जमीन ज्याने काढली त्याला वडिलांच्या वाळूत एक हंगाम घालवायला पाहिजे होता.

साखर १५.२. समोरच्या बाजूलाही १५.२ लिहिलं. हात तिकडे गेला आणि लिहून बसला.

१० मे, बुधवार

फोन आला नाही. फोन तपासला, चालू आहे. स्वतःच्या घरून स्वतःला लावता येत नाही म्हणून शेजारणीला लावायला सांगितला. वाजला.

आईच्या सेटमधल्या कपात कॉफी घेतली. कॉफी तशीच लागते.

११ मे, गुरुवार

दाराच्या फटीतून पाकीट आलं. टपालाचं नव्हे, हाताने टाकलेलं. तिची सायकल कोपऱ्यावर वळताना दिसली.

आत वाळलेले पिवळे वाटाणे आणि चिठ्ठी. “हे तुझे जीव. मोजून वीस. उद्या चार वाजता न्यायला येते.”

वाटाणे! गुरांना घालतात तसले, कच्चे, दगडासारखे. मी काय कोंबडी आहे? पण मोजले. वीस. वाटीत ठेवले. उद्या निळा स्वेटर.

ठराव: सगळ्या साध्या जमिनी. काटेरी एकही नाही. आणि वाटी सिसेलच्या बाजूला.

११ मे, संध्याकाळ सात

एकोणीस आहेत.

सिसेलची मोजायला चूक झाली असणार, लहानपणापासून घाई करते. उजवी दाढ दुखते आहे, ते वाऱ्यामुळे.

वाटाण्याला चव अशी काही नसते.